अबोल वेदनेचा इतिहास

पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्यानें निघालें म्हणजे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. तो १९५४ सालीं स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्या दोन संस्थांनीं त्यास हात दिला, आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. पुढें त्याच माळावर स्कुटरींचे आणि मालमोटारींचे कारखाने आले, ते थेट चाकणपर्यंत पसरले, आणि पिंपरी-चिंचवडचा इतिहास म्हणजे यंत्रांचा इतिहास, अशी समजूत होऊन बसली. आम्हांस मात्र ह्या पट्ट्याच्या इतिहासांतलें सर्वांत मोठें वर्ष १९५५ हेंच वाटतें. न्यूमोनियासारख्या दुखण्यानें जें मूल चार दिवसांत हातचें जावयाचें, तें पेनिसिलीनमुळें वांचूं लागलें होतें. आणि तें औषध आतां बोटीवरून उतरण्याची वाट न पाहतां पुण्याच्या शेजारींच तयार होऊं लागलें.

औषधांच्या ह्या विजयाबरोबर एक नवी अवस्था मात्र जन्मास आली. पूर्वी अत्यवस्थ मूल फार काळ अत्यवस्थ राहत नसे; तें उठून बसे किंवा जाई. आज तें आठ आठ, पंधरा पंधरा दिवस ह्या दोहोंच्या मध्यें राहूं शकतें. पिंपरीच्या संत तुकारामनगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय १९८९ सालीं सुरू झालें, आणि त्याच वसाहतींत १९९६ सालीं डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय निघालें. ह्या किंवा दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गांवच्या रुग्णालयांत, बालकांच्या अतिदक्षता विभागांत, श्वासनलिकेंत नळी घातलेलें, शिरांत सुया टोंचलेलें, छातीवर तारा चिकटविलेलें मूल पाहिलें म्हणजे घरच्या माणसांच्या तोंडून दोन प्रश्न निघतात. पहिला, 'वांचेल ना?' आणि दुसरा, बहुधा आईचा, 'ह्याला दुखतंय का हो?' पहिल्या प्रश्नाच्या इतिहासावर पुष्कळ ग्रंथ आहेत. दुसऱ्याचा इतिहास त्या मानानें थोडका आणि बराच लाजिरवाणा आहे. तोच आम्ही येथें सांगणार आहोंत.

ह्या इतिहासांत एकच चूक निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते. मूल गप्प झालें म्हणजे त्याचें दुखणें थांबलें, ही ती चूक होय. ती केवळ वैद्यांची आहे असें नाहीं. पाळण्यांत हूं कीं चूं न करतां पडून राहणाऱ्या मुलास 'किती गुणी आहे हो' म्हणून नांवाजण्याची चाल आपल्या घराघरांतून आहे. तो मुलाचा गुण असतो कीं मोठ्यांची सोय, हा विचार त्या वेळीं कोणाच्या मनांत येत नाहीं.

तथापि ही चूक अपरिहार्य होती असेंही म्हणतां येत नाहीं. काश्यपसंहिता ऊर्फ वृद्धजीवकीय तंत्र ह्या नांवाचा बालचिकित्सेवरील एक प्राचीन ग्रंथ आहे. त्याची ताडपत्रावरील खंडित पोथी नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहीं होती. ती वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या साहाय्यानें १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून छापून निघाली. तिच्या सूत्रस्थानांत 'वेदनाध्याय' म्हणून एक स्वतंत्र अध्याय आहे. जीं मुलें बोलूं शकत नाहींत त्यांच्या वेदना वैद्यानें कशा जाणाव्या, असा त्यांतला प्रश्न असून उत्तरादाखल एकामागून एक चिन्हें दिलीं आहेत. डोकें दुखत असलेलें मूल मान फार हलवितें, डोळे मिटून घेतें, कण्हतें, त्यास झोंप येत नाहीं. कान दुखत असतां तें हातांनीं कान चांचपतें आणि डोकें फिरवितें. पोट दुखत असतां स्तन सोडतें, रडतें, उताणें पडतें, त्याचें पोट ताठतें, तोंडास घाम सुटतो. ह्या यादींत रडणें आहे, पण तें पुष्कळ चिन्हांपैकीं एक म्हणून आहे. मूल रडत नाहीं म्हणून दुखत नाहीं, असें त्या ग्रंथकारानें कोठें गृहीत धरलेलें नाहीं. आमच्या पूर्वजांस आजचें सर्व शास्त्र ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांच्या पंगतीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. त्या काळच्या वैद्यापाशीं उपाय थोडेच होते. परंतु पाहण्याची रीत होती, आणि ती लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची वाटली होती.

पाहण्यास वेळ लागतो. आणि वेळ हीच वस्तु गिरणीच्या भोंग्यानें प्रथम हिरावून घेतली. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायकांस तान्हें मूल घरीं कोणाच्या तरी भरंवशावर टाकून जावें लागे, नाहीं तर गिरणींतच कोठें तरी कडेला निजवावें लागे. दिवसाचे दहा-अकरा तास तें निजून राहावें म्हणून त्यास अफू देत. तिच्या बारीक गोळ्या 'बाळगोळी' ह्या गोंडस नांवानें मिळत. १८९३ ते १८९५ ह्या काळांत काम केलेल्या अफू कमिशनपुढेंही मुलांस अफू देण्याच्या ह्या चालीविषयीं साक्षी झाल्या होत्या. परंतु डोळे उघडणारा आंकडा प्रसिद्ध झाला तो १९२२ सालीं. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यास मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स ह्या बाईंस नेमलें होतें. त्यांचा अहवाल सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्यें छापून आला, आणि त्यांत अशा स्त्रियांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते असें नमूद केलें होतें. शंभरांत अठ्ठ्याण्णव! एवढ्या आंकड्यास एखाद्या अडाणी आईची खोड म्हणतां येत नाहीं. सांचा जसा तेलावांचून चालत नव्हता तशी ही मजुरी अफूवांचून चालत नव्हती. फरक इतकाच कीं तेलाचा खर्च गिरणीच्या वहींत पडे, अफूचा पडत नसे. आणि हें केवळ आपल्याकडेच घडलें असेंही नाहीं. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंतील मजूर बायका 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नांवाचा अफूचा पाक आपल्या मुलांस ह्याच कारणासाठीं पाजीत होत्या.

अफूनें मूल निजतें हें खरें, परंतु निजतां निजतां त्याची भूकही मरते. तें मागत नाहीं म्हणून त्यास दूध मिळत नाहीं. पोट बांधतें, श्वास मंद होतो, अंगावर मांस धरत नाहीं. ज्या कारणासाठीं तें रडत होतें तें कारण, मग तो कान असो, ताप असो वा भूक असो, आंत जसेंच्या तसें राहतें. ह्यांतला दैवदुर्विलास असा, कीं ह्याच अफूच्या चिकांत माणसास माहीत असलेलें फार मोठें वेदनाशामक आहे. सर्ट्यूर्नर नांवाच्या जर्मन औषधविक्याच्या हाताखालच्या तरुणानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें वेगळें काढलें आणि त्यास मॉर्फिन हें नांव मिळालें. ज्यांस फक्त आई हवी होती अशा हजारों मुलांस अफू मिळाली. आणि ज्यांच्या अंगावर शस्त्र चाललें त्यांच्यापैकीं पुष्कळांस, पुढें दिसेल त्याप्रमाणें, तिचा अंशही मिळाला नाहीं.

कायद्यानें ह्या बाबतींत कांहीं केलें नाहीं असें नव्हे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यास पाळणाघर ठेवणें सक्तीचें केलें. १९७६ सालीं ही मर्यादा तिसांवर आणली गेली. पिंपरी-चिंचवडचे मोठे कारखाने ह्या कायद्याच्या अमलांत उभे राहिले, हें तेथल्या मुलांचें भाग्य. असो.

आतां रुग्णालयांकडे वळूं. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची भूल यशस्वी झाली, पुढच्याच वर्षीं ती कलकत्त्यास वापरली गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म पुढें आणलें. लंडनचे डॉ. जॉन स्नो हे ह्या विद्येंतले पहिले मोठे जाणकार. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८५८ सालींच, प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं एक वर्षाच्या आंतील शंभराहून अधिक अर्भकांस त्यांनीं क्लोरोफॉर्म दिलें होतें. म्हणजे तान्ह्या मुलांस वेदना होतात आणि ती शमविणें शक्य आहे, ह्याविषयीं आरंभींच्या भूलतज्ज्ञांस शंका नव्हती. शंका होती ती सुरक्षिततेविषयीं, आणि तीही सकारण होती. १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत पंधरा वर्षांची एक मुलगी पायाच्या बोटाचें नख काढतांना क्लोरोफॉर्मखालीं मरण पावली होती. ह्याच प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं निजामाच्या राज्यांत, ज्यांत आपला मराठवाडाही होता, १८८८ व १८८९ सालीं दोन क्लोरोफॉर्म कमिशनें बसलीं. त्यांचा मुख्य निष्कर्ष पुढें चुकीचा ठरला. त्या काळच्या हैदराबादेची आम्हांस आवडणारी गोष्ट वेगळीच आहे: डॉ. रूपाबाई फर्दुनजी ह्या पारशी बाई तेथें भूल देण्याचें काम करूं लागल्या, आणि हें काम करणाऱ्या जगांतल्या अगदीं पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

ह्यापुढचा भाग सांगतांना लेखणी अडखळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वैद्यकांत असें मत दृढ होत गेलें कीं नवजात मुलाचा मेंदु अपुरा असतो, मज्जातंतूंवरचें आवरण पुरतें तयार झालेलें नसतें, म्हणून त्यास वेदना होत नाहींत. झाल्या तरी त्या त्याच्या ध्यानांत राहत नाहींत. ह्यांतलें दुसरें विधान तर विशेष चमत्कारिक आहे. जें विसरलें जाईल तें सोसावयास लावण्यास हरकत नाहीं, हा न्याय मोठ्या माणसास लावण्याचें धाडस कोणी केलें नसतें. ह्याच सुमारास, १९४२ सालीं, माँट्रियलच्या डॉ. ग्रिफिथ यांनीं शस्त्रक्रियेंत क्युरारे वापरून दाखविलें. दक्षिण अमेरिकेंतील शिकाऱ्यांच्या बाणांस लावण्याचें हें विष स्नायू लुळे करतें. शस्त्रवैद्यास निश्चल रोगी मिळाला आणि भूलतज्ज्ञास कमी भूल देऊन काम भागवितां येऊं लागलें. पण निश्चल रोगी बेशुद्ध असतो काय? पुढें अमेरिकेंत डॉ. स्कॉट स्मिथ यांनीं ह्याचा पडताळा स्वतःच्या शरीरावर घेतला. क्युरारेनें त्यांचें सर्वांग लुळें पडलें, पापणी हलेना, श्वास दुसऱ्यांनीं चालवावा लागला. आणि तरीही प्रयोगभर त्यांस सर्व ऐकूं येत होतें, कळत होतें आणि दुखतही होतें. हें त्यांनीं मागाहून सांगितलें, कारण ते सांगूं शकत होते.

तान्हें मूल सांगूं शकत नव्हतें. नवजात मुलांच्या शस्त्रक्रियेंत पुढें कित्येक वर्षें अनेक ठिकाणीं नायट्रस ऑक्साइड वायु आणि क्युरारे एवढ्यावरच काम चाले. कांहीं ठिकाणीं तर केवळ स्नायू लुळे करणाऱ्या औषधावर. हें करणारे लोक राक्षस होते असें मानणें सोपें आहे, आणि खोटें आहे. दोन-तीन शेर वजनाच्या मुलास भूल जरा अधिक झाली तर त्याचें हृदय थांबे, हें त्यांनीं डोळ्यांदेखत पाहिलें होतें. जीव वांचवावयाचा तर वेदनेकडे पाहूं नये, असा त्यांनीं मनाशीं सौदा केला होता. वाईट इतकेंच कीं पुढें पुढें तो सौदा आहे हेंच विस्मृतींत गेलें आणि त्यास शास्त्राचें रूप आलें.

ते रूप उतरविण्याचें काम प्रयोगशाळेंतील एका हिंदी तरुणानें केलें आणि एका आईनेंही केलें. अमेरिकेंत १९८५ सालीं अपुऱ्या दिवसांच्या एका मुलाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी छाती उघडून बांधण्यांत आली. कांहीं आठवड्यांनीं तें वारलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यास स्नायू लुळे करणारें औषध तेवढें दिलें होतें, वेदनाशामक कांहीं दिलें नव्हतें, हें आईस मागाहून कळलें. १९८६ सालीं तिनें तें वृत्तपत्रांतून जगजाहीर केलें. तो तरुण म्हणजे डॉ. के. जे. एस. आनंद. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परत आलेलीं मुलें जातांना होतीं त्याहून कितीतरी वाईट स्थितींत येतात, हें त्यांच्या नजरेस आलें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेलीं अपुऱ्या दिवसांचीं सोळा मुलें घेतलीं. आठांस रूढ पद्धतीप्रमाणें नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे. दुसऱ्या आठांस त्यांशिवाय फेंटानिल हें मॉर्फिनच्या वर्गांतलें औषध. ज्यांस तें मिळालें नाहीं त्यांच्या रक्तांत भय आणि यातना यांच्या वेळीं पाझरणारीं द्रव्यें कितीतरी अधिक आढळलीं, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या प्रकृतींत बिघाडही अधिक झाले. हा निबंध १९८७ च्या जानेवारींत 'लॅन्सेट'मध्यें आला. आठ मुलांस फेंटानिल दिलें नाहीं म्हणून विलायतेंत ह्या संशोधकांवर काहूर उठलें. त्या आठांस जें मिळालें तें त्या काळीं रोज कोणत्याही मुलास मिळत होतें, ह्याकडे मात्र टीकाकारांचें लक्ष गेलें नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें नवजात मुलांसही भूल व वेदनाशमन द्यावें असें जाहीर केलें.

होळकरांच्या इंदूराहून हा विद्यार्थी निघाला, ह्याचें आम्हांस आणखी एका कारणानें कौतुक वाटतें. माळव्याची अफू एके काळीं मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे. औषधापुरती अफू आजही त्या मुलुखांत परवान्यानें पिकते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिचें मॉर्फिन निघतें. पण ज्या १९८५ सालीं तें अमेरिकन मूल वारलें त्याच सालीं आपल्याकडे अंमली पदार्थांचा नवा कडक कायदा झाला. परवान्यांच्या जंजाळास आणि शिक्षेच्या धाकास भिऊन रुग्णालयांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडून दिलें. १९९७ सालीं सबंध देशांत औषध म्हणून वापरलेलें मॉर्फिन १८ किलोवर आलें होतें; घट शेंकडा ९७. जगास अफू पुरविणाऱ्या देशांत रोग्यास मॉर्फिन मिळेना! २०१४ सालीं कायदा दुरुस्त होऊन वाट बरीच मोकळी झाली. मात्र तीस वर्षांत मुरलेली भीति दुरुस्तीच्या तारखेस निघून जात नसते. ज्या पिढीनें मॉर्फिन हाताळलेंच नाहीं तिनेंच पुढच्या पिढीस शिकविलेलें आहे.

आजच्या अतिदक्षता विभागांत औषधांचा तुटवडा पूर्वीसारखा नाहीं, पण जुनी चूक तेथेंही दबा धरून आहे. मिडाझोलम हें गुंगीचें औषध आहे. त्यानें मूल शांत होतें, घडलेलें विसरतें, परंतु वेदना त्यानें थांबत नाहींत. वेदनेसाठीं फेंटानिल किंवा मॉर्फिन निराळें द्यावें लागतें. केटामीन दोन्ही कामें करतें आणि बहुधा श्वास व रक्तदाब राखून करतें, म्हणून भाजलेल्या मुलाची पट्टी बदलतांना त्याचा मोठा आधार वाटतो. केवळ गुंगी दिलेलें मूल पलंगावर निजलेलें दिसतें. नातेवाईक समाधान मानतात, आणि छातींतली नळी हलविली कीं त्याची नाडी धांवूं लागते. उलटपक्षीं अधिक औषध म्हणजे अधिक दया, हेंही खरें नव्हे. प्रोपोफॉल हें सुबक औषध मुलांस दिवसेंदिवस ठिबकविल्यानें पांच मुलें दगावल्याची हकीकत १९९२ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झाली, आणि लहान मुलांत तें तसें लांबविण्याची चाल बंद करावी लागली. मॉर्फिन-फेंटानिल आठवडाभर चालू ठेवून एकाएकीं तोडलें तर मूल घामाघूम होतें, थरथरतें, जांभया देतें, कशानेंही उगें राहत नाहीं; बाळगोळी चुकलेल्या गिरणगांवच्या मुलाची अवस्था ह्याच जातीची असली पाहिजे. म्हणून तें पायरीपायरीनें उतरवितात. अमेरिकेंतील ३१ विभागांत २,४४९ मुलांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गुंगीचें प्रमाण ठरविण्याचा नियम घालून तो बव्हंशीं परिचारिकांच्या हातीं दिला होता. यंत्रावरचे दिवस त्यानें कमी झाले नाहींत. परंतु मुलें अधिक जागीं राहिलीं, मॉर्फिनच्या जातीचीं औषधें कमी दिवस लागलीं, आणि तरीही कांहीं विशेष अनर्थ झाला नाहीं. खोल गुंगी ही गरज कमी आणि संवय अधिक होती, असा ह्याचा अर्थ आम्ही लावतों.

वेदना मोजण्यास आतां तक्ते आहेत. १९९७ सालीं मिशिगन विद्यापीठांतून निघालेला एक तक्ता चेहरा, पाय, हालचाल, रडणें आणि समजूत पटणें अशीं पांच चिन्हें पाहून प्रत्येकास शून्य ते दोन गुण देतो. वेदनाध्याय वाचलेल्या माणसास त्यांत फारसें अनोळखी वाटूं नये. मात्र नळी घातलेल्या मुलापाशीं हा तक्ता अडतो. ती नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. मूल रडतें, तोंड वासतें, डोळ्यांतून पाणी येतें, आणि आवाज येत नाहीं. अशा मुलांसाठीं १९९२ सालचा 'कम्फर्ट' नांवाचा दुसरा तक्ता आहे. तो यंत्राशीं श्वास कसा जुळतो, स्नायू किती ताठले आहेत, नाडी व रक्तदाब किती, हें पाहतो. आणि स्नायू लुळे करणारें औषध चालू असेल तर चेहराही उरत नाहीं. मग नाडी आणि रक्तदाब एवढीच त्या मुलाची भाषा.

पहिल्या तक्त्यांतील पांचवें चिन्ह, समजूत पटणें, हें लांबून पाहून भरतां येत नाहीं. त्यासाठीं मुलाच्या अंगावरून हात फिरवावा लागतो, त्यास त्याच्या नांवानें हांक मारावी लागते, आणि मग तें निवतें कीं नाहीं तें पाहावें लागतें. परिचारिकेस दुसरींही मुलें पाहावयाचीं असतात. आई दाराबाहेरच्या बांकावर बसलेली असते, आणि चाकणहून रात्रपाळी आटोपून आलेला बाप तिच्या शेजारीं. कांहीं रुग्णालयांनीं आईस आंत बसूं देण्यास प्रारंभ केला आहे; पुष्कळ ठिकाणीं भेटीची वेळ अजून घड्याळावर चालते.